दगडावर देसांकाची जागा

मी, खाली सही करणार वुकोसाव त्रिफुनोविच, राहणार दोन्या लुका, चाचाकजवळ, व्यवसायाने बास्केटबॉल खेळाडू (निवृत्त), उंची दोन मीटर चौदा (तीही आता हळूहळू निवृत्त होते आहे), असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे सोडून बाकीचे शरीर कामात आहे आणि हे लिहायला मला कोणीही भाग पाडलेले नाही. माझी पत्नी देसांका अंगणात मिरच्या भाजते आहे. मी आत बसून विजेच्या बिलांचा घोळ निस्तरतो आहे, अशी तिची समजूत आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात सगळे कुत्र्याच्या नावे केले होते. कुत्रा माझ्याआधी गेला.

हे नवे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण शेवटच्या कलमात आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ तिकडे जावे. पण वकीलबाई म्हणतात, आधी घर, मग बाकीचे.

कलम १. घर. हे घर मी ग्रीसमध्ये खेळून मिळवलेल्या पैशातून बांधले. तोवर मी प्रत्येक दारातून वाकून गेलो होतो. शाळेच्या, बसच्या, चर्चच्या, स्वतःच्या लग्नाच्या मांडवाच्यासुद्धा. म्हणून गवंड्याला सांगितले, सगळे माझ्या मापाने कर. त्याने केले. बेसिन छातीशी, दिव्यांची बटणे खांद्याशी, खिडक्यांच्या कड्या त्याहून वर. देसांका माझ्या कोपराला लागते. पहिल्या हिवाळ्यात तिने बटणे खाली घ्यायला सांगितली होती. मी म्हणालो, होईल सवय. झाली. आजही ती लाकडी पळीने दिवे लावते, आणि नवीन पाहुणे आले की मी काही विशेष नाही अशा चेहऱ्याने बसून राहतो.

तर हे घर संपूर्णपणे देसांकाचे. तिने बेसिन फोडावे, बटणे गुडघ्याशी आणावीत, छत खाली घ्यावे. माझी काही हरकत नाही. हे मी आधीच करायला हवे होते, असे ती म्हणेल, आणि ते बरोबर आहे.

कलम २. आलुबुखाराची बाग. ही मुलगी यागोदा हिला. याच बागेत माझा धंदा ठरला. मी फळे काढत होतो आणि रस्त्यावर चाचाकचा एक प्रशिक्षक गाडीचे चाक बदलत होता. त्याने कुंपणापलीकडून विचारले, “पोरा, तू कशावर उभा आहेस?” मी म्हणालो, “गवतावर.” त्याने चाक तसेच टाकले आणि माझ्या वडिलांना शोधायला निघाला. त्यापूर्वी मी बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता. कलिंगडे धरली होती, त्याने तेवढे पुरेसे मानले.

जावईबापू दाताचे डॉक्टर आहेत आणि त्यांना तिथे पोहण्याचा तलाव हवा आहे. त्यांनी झाडाला हात लावल्यास बाग आपोआप भटजींकडे, म्हणजे आमच्या पोप दोब्रिवोयेंकडे जाईल. त्यांना आमची राकिया, म्हणजे याच फळांची दारू, किती आवडते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा ते झाडे जपतील.

कलम ३. लायटर. ग्रीसमध्ये पाहुण्या संघावर प्रेक्षक हाताला लागेल ते फेकतात. मी सगळ्यांत वर दिसायचो, त्यामुळे बहुतेक माल मलाच लागायचा. लायटर मी गोळा करत गेलो. बुटांचे दोन खोके भरले आहेत. ते चर्चला द्यावेत, म्हणजे मेणबत्त्या लावताना कोणी काडेपेटी शोधत बसणार नाही. एकदा भाजलेल्या ऑक्टोपसची तंगडीही आली होती. ती मी तिथेच उभ्या-उभ्या खाल्ली, आणि पुढल्या वर्षी त्याच क्लबने मला विकत घेतले.

ग्रीसनंतर तुर्कस्तान, मग पोलंड, मग सायप्रस. क्लब लहान होत गेले आणि, पोलंड सोडले तर, समुद्र जवळ येत गेला. प्रत्येक गावी देसांका मिरचीच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन माझ्या मागोमाग आली. प्रत्येक गावी महिन्याभरात ती तिथली भाषा भांडण्याइतकी शिकली. क्लबच्या मालकांशी तीच बोलायची. मी तिच्यामागे उभा राहायचो आणि तेवढे पुरायचे. लोक मला घाबरत, असे मला वाटे. ते तिला घाबरत.

कलम ४. पलंग. अग्निशमन दलाला. त्यावर तीन स्वयंसेवक आडवे झोपू शकतात, हे गेल्या जत्रेत सिद्ध झाले आहे.

कलम ५. डाव्या गुडघ्यातली कूर्चा. डॉक्टरांनी काढली ती मी मागून घेतली. ती राकियाच्या बाटलीत कपाटात आहे. शाळेच्या जीवशास्त्राच्या बाईंना द्यावी. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहावे. माझ्या मेव्हण्याने एकदा न विचारता पेला भरला होता.

कलम ६. माझा कूम मिलुतिन योविचिच. आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिला तो हा, म्हणजे आमच्याकडे भावापेक्षा जवळचा. खेळाडू म्हणून तो चेंडू आणायचा आणि मी टोपलीत टाकायचो. निवृत्त झाल्यापासून तो रोज खानावळीत सांगतो की माझी सगळी कारकीर्द त्याने केली. परवा तर माझ्यासमोर म्हणाला, “अरे, तुला खेळता कुठे येत होतं? मी चेंडू तुझ्या हातांवर आपटायचो, बाकीचं तुझ्या आईनं आधीच करून ठेवलं होतं.” सगळी खानावळ हसली. मीही हसलो, कारण त्यात तथ्य आहे.

मिलुतिनचा माझ्या मासेमारीच्या होडीवर डोळा आहे. वकीलबाईंनी मला समजावले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. म्हणून मी मिलुतिनला साक्षीदार होण्याचा मान दिला आहे. तो फार हेलावला. हे आणि पुढचे कलम सही झाल्यावर त्याला वाचून दाखवावे.

कलम ७. होडी यागोदाला. तिने ती मिलुतिनला हवी तेव्हा वापरू द्यावी, पण त्याने दर वेळी मागितली पाहिजे.

कलम ८. दगड.

आमच्याकडे शहाणा माणूस आपल्या थडग्याचा दगड जिवंतपणीच उभा करतो. नवरा-बायको दोघांचे चित्र, दोघांची जन्मवर्षे, आणि पुढे रिकामी जागा. मी रादेन्को पाथरवटाकडून काळ्या ग्रॅनाइटचा करून घेतला. देसांकाला विचारले नाही. लग्नाच्या वाढदिवसाला चकित करायचे होते. चित्र खऱ्या मापाचे हवे, असा माझाच हट्ट. त्यात मी जर्सी घातलेली, हात वर, हातात चेंडू. दगड क्रेनने आणावा लागला. एवढा मी कोरून झाल्यावर रादेन्कोकडे एकच जागा उरली, आणि तिथे त्याने देसांकाला बसवले. वर केलेल्या हाताच्या खाली.

पडदा काढला तेव्हा अर्धे गाव होते, पोप होते, पेले भरलेले होते. देसांकाने दगड खालून वरपर्यंत पाहिला. मग हातातले चीजच्या गिबानिचाचे ताट तिने दगडाच्या पायरीवर ठेवले आणि म्हणाली,

“वुकोसाव, तू मला अनंतकाळ तुझ्या काखेत उभं केलंस.”

कोणी हसले नाही. मिलुतिनसुद्धा. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितले की ती आपल्या आईशेजारी जाईल, डोंगरावरच्या जुन्या दफनभूमीत, आणि त्या दगडावरचे आपले नाव घासून टाकावे. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते, पण या विषयावर एक शब्द नाही. मी पुष्कळ हॉलमध्ये पुष्कळ लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. ही शांतता मला सोसत नाही. मला एकट्याला तिथे झोपायची भीती वाटते, हे मी इथे स्पष्टच लिहितो.

म्हणून आज्ञा देतो की तो दगड उलटा करावा आणि मागच्या बाजूवर नवीन चित्र कोरावे. त्याला फोटो लागेल, आणि अडचण अशी की आमच्या दोघांचा एकही पूर्ण फोटो नाही. लग्नातला फोटोग्राफर म्हणाला होता, एक तर तुझे डोके येईल नाहीतर नवरी. त्याने नवरी घेतली. त्या फोटोत मी गळ्यापर्यंत आहे. पुढचे सगळे फोटो तसेच.

रविवारी नवीन फोटो काढावा. त्यात मला बाकावर बसवावे.

मी कोण बोलतो आहे हे लक्षात घ्यावे. पोलंडमध्ये प्रशिक्षकाने मला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायला सांगितले, तेव्हा मी सगळा सामना बाकाशेजारी उभा राहून काढला आणि मागच्या रांगांना काहीही दिसू दिले नाही. क्लब सोडला, पण बसलो नाही. तोच मी आता सांगतो, मला बसवा. जर्सी नको, कोट असू द्या. देसांकाला माझ्या शेजारी उभी करा. तशी ती माझ्याहून बोटभर उंच होते; मला माहीत आहे, कारण ती माझी टाय बांधते तेव्हा मी बसलेला असतो आणि ती उभी. आमची तोंडे समोरासमोर येतात ती तेवढ्याच वेळी, आणि जे काही महत्त्वाचे असते ते ती मला तेव्हाच सांगते. यागोदा होणार आहे हेसुद्धा तेव्हाच सांगितले होते.

एवढे करूनही तिला पटले नाही, तर मला तिच्या आईच्या दफनभूमीत न्यावे. सासूबाई मला शेवटपर्यंत विजेचा खांब म्हणत. तिथली जागा आखूड आहे. तिरका ठेवावा, पण देसांकाजवळ ठेवावा.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले (कलम ६ व ७ वगळून) आणि सही केली.

वुकोसाव त्रिफुनोविच

साक्षीदार:
मिलुतिन योविचिच (सही केली. मग सहावे आणि सातवे कलम ऐकले. होडी मी उद्याच मागणार आहे.)
स्नेझाना वास्कोविच, वकील

दोन्या लुका, २४ सप्टेंबर २०१९

(समासात, वेगळ्या अक्षरात)

विजेच्या बिलांना एवढा वेळ आणि दोन साक्षीदार लागत नाहीत, म्हणून आत येऊन वाचलं. वकीलबाई म्हणतात, समासात लिहिल्यानं कागद बिघडत नाही.

आईकडे तुला कोण घेणार? तिनं जिवंतपणी तुला उंबरठ्यावर उभं ठेवलं होतं. तू दगड उलटा कर. मी येते.

आणि रविवार कशाला? आपण काय आता तरुण आहोत वाट बघायला? उद्या सकाळीच फोटो काढू. कोट घाल, खाली बस, टाय मी बांधते. तुला एक गोष्ट सांगायची आहे.

देसांका