फवारा, गोळी आणि राहिलेली साडी

मांजरसुंबा, सोमवार

ती. गहिनीनाथ दाजी,
धाब्यावरून तानाजीचा रामराम. आक्काचा गुडघा कसा हाय? गुरुवारी पाव्हणे करिष्माला बघायला येणार, अन् ती बीडहून साडी न घेता परतली म्हणून तुमी पोरीशी बोलत न्हाई, असं कळलं. त्याचं शेवटी बोलतो. आधी मी मरता मरता कसा वाचलो ते ऐका.

माझी तहान तुमाला ठाऊकच हाय. दिवसाला घागरभर पाणी अन् घडोघडी उठणं (ट्रकवाले मला ‘आलोच शेठ’ म्हणतात). मेंदूतून लघवी आवरणारा रस झरत न्हाई म्हणून बीडच्या डॉक्टरनं नाकात मारायचा फवारा दिला. लई गुण आला. मग सर्दी झाली, नाक चोंदलं, फवारा लागू पडंना. तुमच्याकडं आलतो तवा पाटोद्याच्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवला, तोही वरचं बीडच्या डॉक्टरचं नाव घडीत दडवून, फवाऱ्याचं न सांगता (एका डॉक्टरपुढं दुसऱ्याचं नाव कसं काढावं, त्याला वाईट वाटतं). त्यानं गोळी दिली. सर्दी गेली तरी मी दोन्ही चालू ठेवलं. नाकाचा रस्ता वेगळा, पोटाचा वेगळा, एकमेकाला कशाला आडवे येतील? वर धाब्याची रीत, गिऱ्हाइकासोबत आपणही पेलाभर पाणी घ्यायचं. सगळं आतच साचलं. चौथ्या दिवशी डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, अन् म्हणं मी उभ्या ट्रकपुढं दालफ्रायचं ताट ठेवून त्याला जेवा म्हणत होतो.

बीडच्या दवाखान्यात आयशा म्याडम भेटल्या. औषधवाल्याच, पण दुकानातल्या न्हाई. खाटेखाटेला फिरून कोणाला कोणतं औषध चालू हाय ते तपासणाऱ्या. काय डोकं हो बाईचं! दोन्ही खोकी शेजारी ठेवून म्हणाल्या, “काका, औषध एकच आहे. पोटातून फार थोडं रक्तात पोचतं, म्हणून गोळीत जास्त भरतात. रस्ते दोन, पण मिळतात तुमच्या मांजरसुंब्यालाच.” मी ऐटीत शेजारच्याला लावलेलं इंजेक्शन मागितलं. ते त्याच घराण्यातलं, पण रक्तदाब चढवतं, तुमच्या कामाचं न्हाई, म्हणाल्या. माझ्या रक्तातलं मीठ उतरलं होतं, झटकेच यायचे बाकी होते. मोठ्या डॉक्टरनं त्यांचं ऐकून दोन्ही थांबवलं, पाणी मापात दिलं, अन् मीठ जागेवर आल्यावर एकटी गोळी सुरू केली. मी पाया पडायला वाकलो, तर सलाईनची नळी आडवी आली.

तुमचा,
तानाजी

ता. क. करिष्माला आयशा म्याडमसारखं हेच औषधाचं शिकायचं हाय. कॉलेजच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. गुरुवारच्या पाव्हण्यांना नको म्हणा.

ता. क. दुसरा. लिहायला लाज वाटत होती (म्हणून करिष्मालाही घरी न सांगायची आण घातली होती), पण लिहितो. साडीला निघालेली तुमची लेक वाटेत धाब्यावर उतरली. गल्ल्यावरची दोन्ही खोकी तिनंच वाचली, नाव एकच हाय म्हणून ओरडली, अन् मला जीपमध्ये कोंबून बीडला नेलं. दुकानं बंद होईस्तोवर माझ्या उशाशी बसली. दाजी, साडी घरी आली न्हाई, पण तुमचा मेहुणा घरी आला.