पेंग्विनमधलं गिऱ्हाईक

पेंग्विन, टास्मानिया
११ जुलै २०२२

प्रिय जॅरड,

आज सकाळी गवतावरचं दव गोठलं होतं. कचरा टाकून आलो, पाव आणला, शेडच्या पन्हाळीत अडकलेली पानं काढली. दुपारी पोस्टमन एक पाकीट टाकून गेला. आयरीन मामी अजून डेव्हनपोर्टला बहिणीकडेच आहे. इथला फोन वाजायचा थांबला की येईन म्हणते. तिची तब्येत बरी आहे, माझीही. तू, टेस आणि तुझी आई तिकडे ठीक असाल असं धरतो.

तुझा मेल आयरीनने जाण्यापूर्वी छापून ठेवला होता. तीन पानं आहेत. उत्तराला उशीर झाला, कारण आधी लिहिलेलं फाडून टाकलं. फोन केला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही आणि तू समोरच्याला बोलू देत नाहीस.

आधी फोनचंच सांगतो. घरी जो फोन वाजतो तो तुमच्या त्या कार्डवाल्यांचा, खेळाडूंच्या फोटोंची कार्डं घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा. ॲडलेडहून एक बाई बोलल्या. फार वाईट झालं म्हणाल्या, आणि त्याच श्वासात विचारलं, फर्गसने सही केलेली कार्डं घरात आहेत का. मी नाही म्हणालो. तर म्हणाल्या, नीट शोधलंत का? होबार्टचा एक माणूस तर गाडी हाकत थेट फाटकापर्यंत आला. हातात पांढरी फुलं आणि खिशात नोटांचं पाकीट. आयरीनने फुलं घेतली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी ती डेव्हनपोर्टला गेली.

आता तुझं. तू मेलमध्ये फर्गसची फुटबॉलची सगळी आकडेवारी दिली आहेस. एकोणीस सामने, अकरा गोल, वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यावर मारलेला तो एक विजयी गोल, मग गुडघा. जणू मी त्याचा बाप नाही, गिऱ्हाईक आहे. त्याच्या पहिल्या मोसमाच्या कार्डाच्या भावाचा आलेख पण जोडला आहेस. वर्षानुवर्षं जमिनीलगत सरपटणारी रेघ, मधे एक लहानसा उंचवटा, आणि मे महिन्यात एकदम ताडासारखी उभी. ती का उभी राहिली ते तू लिहिलेलं नाहीस. लिहायची गरज नव्हती. रोझबेरीहून पोरांना शिकवून परत येताना घाटाच्या उतारावर फर्गसच्या गाडीपुढे वॉलबी आडवी आली, लहानशा कांगारूएवढं जनावर, आणि त्या आठवड्यात टीव्हीवर, फोनवर सगळीकडे तो गोल पुन्हा पुन्हा दाखवला. लोकांना आठवलं, हा होता खरा. हयातीत चाळीस सेंट, आता साठ डॉलर. हा तुमचा धंदा मला कळत नाही असं नाही जॅरड. कळतो. म्हणून तर वैताग येतो.

अंत्यविधीनंतर क्लबच्या खोलीत आपण सगळे चहाला जमलो होतो. तू सँडविचच्या टेबलाजवळ उभा होतास आणि फोन उलटा करून मांडीशी धरला होतास. दर मिनिटाला सुलटा करून बघायचास. मला वाटलं टेसचा निरोप असेल. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "मामा, राग मानू नका, पण त्याच्या सहीची कार्डं असतील तर आत्ताच कोणाला देऊ नका. अजून चढणार आहे."

मी म्हणालो, "सँडविच घे."

त्या दिवशी मी एवढंच बोलू शकलो. लोकांना वाटलं, बापाने फार धीराने घेतलं.

मी बर्नीच्या गिरणीत तीस वर्षं कागद तपासण्यात घालवली. मला पुठ्ठा दाखवून त्याचे कोपरे किती टोकदार आहेत, छपाई मधोमध आहे का, हे तू शिकवू नकोस. ती कार्डं तू अमेरिकेला पाठवणार, तिथे कोणी भिंगातून बघून दहापैकी नऊ की दहा ते ठरवणार, आणि मग कधीच उघडू नये अशा जाड प्लास्टिकमध्ये बंद करून परत पाठवणार. हात लागला की भाव गेला म्हणतोस. बरं आहे. फर्गस लहानपणी कार्डं सायकलच्या चाकात अडकवायचा, फटफट वाजावीत म्हणून. तूही अडकवायचास. तेव्हा त्यांचा काही उपयोग तरी होता.

पण तुझा खरा प्रश्न तिसऱ्या पानावर आहे. तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. तू लिहितोस:

"मामा, तुमच्या गावात कोणी मर्टन म्हणून आहे. विकणारे लोक आमच्या गटात सांगतात, सगळी पाकिटं पेंग्विनला जातात. चार वर्षं हा माणूस गाजावाजा न करता फर्गसची कार्डं उचलतोय. तीनशेच्या वर असतील. भावाची घासाघीस नाही, काही नाही. त्याला आतलं काहीतरी ठाऊक असणार. फर्गस पुन्हा खेळणार, कोचच्या मोठ्या जागेवर जाणार, काहीतरी. म्हणून मी त्याच्या मागोमाग घेत गेलो. घरासाठी ठेवलेले पैसे त्यात आहेत. टेसला माहीत नाही. आता मला हळूहळू विकायचंय. पण या मर्टनने त्याचा सगळा साठा एकदम बाजारात ओतला तर भाव मातीत जाईल आणि माझं घर गेलं. गाव एवढंसं आहे, तुम्ही त्याला ओळखत असणार. त्याला गाठा आणि दोन महिने थांबायला सांगा."

आमच्या गावात मर्टन आडनावाचं कोणी नाही. लहानपणी तुझ्या पोटरीला चावलेला आमचा तपकिरी कुत्रा आठवतो? दोन टाके पडले होते. त्याचं नाव काय होतं ते आईला विचार.

आता तू खुर्चीत बसला नसशील तर बस.

गुडघा गेल्यावर फर्गस घरी आला, बर्नीला टायरच्या दुकानात लागला, ते तुला माहीत आहे. रविवारी जेवायला यायचा. जेवताना कधी कधी फोन काढून स्वतःच्या कार्डाचा भाव बघायचा. आम्हाला दाखवायचा, हसत. "बघा बाबा, चाळीस सेंट. मला पाठवायचं पोस्टाचं तिकीट माझ्यापेक्षा महाग आहे." आयरीन हसायची, मीही हसायचो. एकदा तो हात धुवायला उठला आणि फोन टेबलावरच राहिला. भावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, शेवटची विक्री केव्हा झाली ते. वर्ष होत आलं होतं. चाळीस सेंटलाही कोणी घेत नव्हतं.

भावाचं मला काही नाही. पण ती तारीख मला बघवेना.

त्या आठवड्यात मी कार्डं विकतात त्या साइटवर खातं उघडलं आणि त्याचं एक कार्ड घेतलं. नाव कुत्र्याचं दिलं, कारण स्वतःचं देणं बरं दिसलं नसतं. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग ठरूनच गेलं, दर आठवड्याला एखादं तरी. म्हणजे तारीख कधी जुनी होणार नाही. मागतील ते द्यायचो, कारण घासाघीस करायची तर बोलावं लागतं. आयरीनने विचारलं एवढी पाकिटं कसली येतात, तर मी सांगितलं भाजीचं बियाणं. त्या मर्टनला आतलं काही ठाऊक नव्हतं रे. त्याला बाहेरचंही ठाऊक नव्हतं. तो फक्त तारीख ताजी ठेवत होता.

आणि तू, एवढा शिकलेला, हिशेब जाणणारा, या माणसाच्या मागे घराचे पैसे घेऊन धावलास.  माझ्याशिवाय आणखी कोणी घेतंय हे दिसायचं, तेव्हा मला वाटायचं, घराबाहेर निदान एकाला तरी फर्गसवर भरवसा आहे. आणि तू सरळ लिहितोस की दुसरं कोणी घेतंय म्हणून घेतलं. म्हणजे भरवसा असलेला एकच, आणि तोही घरातलाच.

हे इथपर्यंत मी मागच्या आठवड्यातही लिहिलं होतं, बरंच जास्त कडू. ते फाडलं. का फाडलं ते सांगतो.

तुझ्या आलेखातला तो मधला लहानसा उंचवटा. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला. तू मर्टनचा माग काढून घ्यायला लागलास आणि भाव चार डॉलरवर गेला, तो. मला तेव्हा कळेना काय चाललंय. मी बोली लावावी, तर वर कोणीतरी दुसरा. मीही हट्टाला पेटलो, सोडलं नाही. त्या रविवारी फर्गस आला तो दारातूनच फोन दाखवत. मटण भाजलं होतं, आयरीन वाढत होती. म्हणाला, "बाबा, कोणीतरी आहे बघा. एक नाही, दोघं आहेत. एकमेकांवर चढवतायत." मी म्हणालो, असतील. तो म्हणाला, "माझ्यावर? अजून?" मग पुन्हा वाढून घेतलं. गुडघ्याला पट्टा होता तरी शिडीवर चढून पन्हाळ साफ केली. अंधार पडेपर्यंत थांबला. पुढच्या महिन्यात रोझबेरीच्या पोरांना शिकवायचं त्याने कबूल केलं. आधी दोनदा त्यांना नाही म्हणाला होता.

हे मला तुला सांगायलाच हवं होतं. त्या दोघांतला एक तू होतास. का घेत होतास हे त्याला माहीत नव्हतं, आणि तसंच राहिलं ते बरं झालं. मी एकट्याने चार वर्षं तारीख ताजी ठेवली, पण एकट्याने भाव चढत नाही. त्याला दुसरा लागतो. ते उपकार मी विसरणार नाही, तू कितीही डोकं उठवलंस तरी.

रोझबेरीला जायचं त्याने स्वतःच ठरवलं होतं, त्यात कोणाचा दोष नाही, असं आयरीन म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

तर आता उत्तर. मर्टन थांबेल. दोन महिने नाही, कायम. त्याच्याकडचं एकही कार्ड बाजारात येणार नाही. हमी हवी असेल तर ही माझी. तू तुझी सगळी वीक, सावकाश किंवा एकदम, तुझं तू बघ. आठवण म्हणून एखादं ठेव वगैरे मी सांगणार नाही. घर घे. पण आधी टेसला सांग. विकून झाल्यावर नाही, आधी. आणि सहीची कार्डं आहेत का हे मला पुन्हा विचारू नकोस. बापाकडून कोण सही मागतो?

आणखी एक. फाटकावरची आमची पत्रपेटी तू पाहिली आहेस, तिची फट नेहमीपेक्षा रुंद आहे. ती फर्गसने या मार्चमध्ये करवतीने वाढवून दिली, कडा कानशीने घासल्या. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "तुमची बियाण्याची पाकिटं दुमडतात बाबा." मग कुंपणापलीकडे वाफ्याकडे बघत म्हणाला, "एवढं बियाणं मागवता, आणि वाफ्यात कायम तोच कोबी." मी म्हणालो, माती वाईट आहे. तो हो म्हणाला आणि करवत शेडमध्ये ठेवायला गेला.

याच्यावर मी बराच विचार केला आहे. तू करू नकोस.

आईला सांग, रविवारी फोन करेन. आयरीनला तू फोन कर, पण कार्डाविषयी अक्षर काढू नकोस. तिला अजून बियाणंच वाटतंय, निदान ती तसं म्हणते.

तुझा मामा,
दोघांतला दुसरा,
रसेल

ता. क. दुपारचं पाकीट डबो गावच्या एका म्हाताऱ्या बाईंकडून आलं आहे. ही मागणी मेच्या सुरुवातीची, ते होण्याच्या आधीची, दोन डॉलरची. बातमीनंतर पर्थच्या एकाने माझी अशीच मागणी रद्द केली, कार्ड खराब निघालं म्हणाला, आणि संध्याकाळी तेच तीसपट भावाने विकायला ठेवलं. या बाईंनी दोन डॉलरलाच पाठवलं. त्यांच्या हाताला संधिवात आहे, म्हणून पाठवायला उशीर झाला, माफ करा, असं चिठ्ठीत लिहिलं आहे. पाकीट जरासुद्धा दुमडलेलं नाही. हे पत्र बंद करतो, मग ते उघडतो, कार्ड बिस्किटांच्या डब्यात बाकीच्यांबरोबर ठेवतो आणि चहाला पाणी ठेवतो.