तापल्या वाळूवरून

प्रिय इरिया,

सांगतेय मी, लिहितेय शेजारची देओलिंदा. मध्येच उपदेश आला तर तो तिचा समज.

मी ठीक आहे. एकटीपुरतं सूप करायला अजून जमत नाही, म्हणून तेच तीन-तीन दिवस पुरतं. रेडिओ चालू ठेवते. ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

गेल्या नाताळात तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून आपल्या घराण्याला छळणारं ते प्रथिन दाखवलंस. चार तुकडे, एकमेकांना धरून सारखे डुलणारे. मी म्हटलं, हे तर दारू पिऊन घरी निघालेले चार कोळी. तू म्हणालीस, अगदी तसंच आजी, एकाने हात सोडला की सगळे सुटतात, त्यांचा आकार बिघडतो आणि ते नसांत जाऊन साचतात, मग आधी पाय बधिर होतात. असल्या हजारो प्रथिनांच्या हालचाली म्हणे एका साठ्यात भरून ठेवल्यात. कोणतं कुठे वाकतं, कधी सैल पडतं, सगळं तुला तिकडे स्वीडनला, उप्सालात बसून दिसतं. देओलिंदा म्हणते, या गल्लीत तेच काम ती फुकट करते.

तुझ्या आजोबांच्या वेळी इथे आपल्या पोवोआ गावात याला नुसतं पायांचं दुखणं म्हणायचे. तुझ्या बाबाला, माझ्या तोमेला, ते प्रथिन यकृतात बनतं म्हणून दुसऱ्याचं यकृत बसवलं, तरी त्याने पन्नाशी गाठली नाही. आता गोळी निघालीय. तूच सांगितलंस, ती त्या चौघांना हात सोडू देत नाही, पण आधीच साचलेलं काही काढत नाही. मग तुझं रक्त तपासलंस का, विचारलं तर म्हणालीस, आधी ही आकडेमोड संपू दे. पोरी, साऱ्या जगाची प्रथिनं बघून झाली, स्वतःचं तेवढं राहिलं.

ऑगस्टमध्ये आपण समुद्रावर गेलो, भर दुपारी. वाळू अशी तापलेली, की ही देओलिंदासुद्धा टणाटण उड्या मारत पाण्याकडे पळाली. मागून तू आलीस, चपला हातात, सावकाश, कुणाशी तरी फोनवर बोलत. तुझे आजोबा असेच चालायचे आणि लोक त्यांच्या कातडीचं कौतुक करायचे. संध्याकाळी तू पाय वर घेऊन झोपलीस तेव्हा मी तळवे पाहिले. फोड आले होते. तुला पत्ताच नव्हता. पोर्तूच्या इस्पितळात देओलिंदाने तुझ्या नावाने पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारची वेळ घेतलीय. विमानाचं तू बघ. मी बाहेर बाकावर बसेन. दोघांच्या वेळी बसलेय, जागा ठाऊक आहे.

तुझीच,
आल्बेर्तिना आजी
(अक्षरं देओलिंदाची. खाली आपल्या घराण्याची, होडीवर असायची ती खूण काढलीय, ती माझ्या हातची.)