अर्ध्याचा उन्हाळा

३ एप्रिल

पुन्हा तेच! फोन उचलला की 'बरा आहेस का' नाही, 'जेवलास का' नाही. सरळ, "झाली का गोधडी?" दोन वर्षं हाच धोशा. मी काय शिंपी आहे? इथं काचेच्या कारखान्यात गरम बाटल्या खोक्यात भरतो, पाठ मोडून येते, आणि हिला गोधडीची पडलीय!

आज मात्र वर आणखी ऐकवलं. ताईचं बाळ जूनमध्ये येणार. आईनं सासर-माहेर सगळीकडे सांगून टाकलंय — बाळाला पांघरूण कुणी विकत आणू नका, मामाची गोधडी येतेय.

"म्हणून विचारते. झाली का रे?"

"झाली."

तोंडातून निसटलंच. तिकडून नुसतं, "बरं." ठेवला फोन.

गोधडी खाटेखाली ट्रंकेत आहे. कडेचे चार फेरे आईच्या हातचे. आत सगळी कोरी.

४ एप्रिल

झोप लागली नाही. खोटं बोलायचं होतं तर 'होत आली' म्हणायचं. तेवढीही अक्कल नाही.

आईची बोटं तेव्हाच वाकायला लागली होती. इकडे निघालो तर गोधडी माझ्या पिशवीत कोंबली. "ताईला कधीतरी लागेलच. घरात माझ्याखालोखाल सरळ टाका तुझाच. शाळेत नाही टिकलास, सुईपाशी तरी टिकायचास." लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून शिवायचो. गल्लीतली पोरं हसायला लागली तेव्हा सोडलं.

सगळंच सोडलं म्हणा. शाळा सोडली, पोहायचं सोडलं, गवंड्याकडचं काम सोडलं. घरात माझं नाव अर्ध्या. "अर्ध्या, ताट तरी पूर्ण संपव!" — हे ताईचं.

९ एप्रिल

भट्टी दुरुस्तीला काढली. दोन महिने अर्धी पाळी, अर्धा पगार. दुपारपासून मोकळे.

भोंगा खूश. भोंगा म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार. घोरायला लागला की पाळी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून भोंगा. तो म्हणाला, "मी दोन महिने झोपणार. तू?"

मी ठरवलंय. या उन्हाळ्यात सगळं अर्धवट संपवायचं. तोंडानं वाजवायचा बाजा शिकायचा, लाकडाचं बुद्धिबळ पुरं करायचं, आणि गोधडी. आधी बुद्धिबळ घेतो. हात बसेल तेवढाच.

(हात बसायला कशाला हवं बुद्धिबळ? ट्रंक उघडायची लाज वाटते, एवढंच.)

२२ एप्रिल

बुद्धिबळ झालं. गेल्या वर्षी नुसती काळी बाजू कोरून ठेवली होती. भोंगा म्हणायचा, "छान सैन्य आहे रे, भांडणार कुणाशी?" आता खोक्यांच्या फळ्यांतून पांढरी बाजूही निघाली. घोडे गाढवासारखे दिसतात. चालतात ना अडीच घरं, बस.

आईचा फोन येऊन गेला. गोधडीचं नाव नाही! सुटलो म्हटलं. मग वाटलं, का नाही विचारलं? विश्वास बसला असणार. ते तर जास्तच वाईट.

२ मे

बाजाही जमला. एक गाणं अख्खं. भोंगा उशी कानावर घेऊन म्हणाला, "निम्मंच बरं होतं."

आता पळवाट उरली नाही. ट्रंक उघडली.

वरचा तुकडान् तुकडा ओळखीचा. बाबांच्या सदऱ्याची बाही. ताईचा फ्रॉक. माझी शाळेची चड्डी — ती तेवढी नवीकोरी दिसते. वापरलीच कुठे!

३ मे

गाढव मी. बुद्धिबळातला नाही, खरा.

आईची रीत अशी, कडेनं फेरा घ्यायचा, मग त्याच्या आत दुसरा, असं शिवत शिवत मध्यावर यायचं. मला घाई. बाहेरचे फेरे लांबलचक, म्हणून मधूनच सुरू केलं. म्हटलं आतून बाहेर जाऊ, आईच्या टाक्यांना कुठेतरी गाठू. संध्याकाळी बघतो तर मधे कापडाचा हा एवढा फुगा! पोट सुटल्यासारखा. बोटानं इकडून दाबला की तिकडून वर.

ती शिवताना सांगायची ते आता आठवलं. "मधूनच धरलं की कापड पळतं. कडेपासून यावं लागतं बाबा, कुठंही."

उसवतोय.

५ मे

उसवतोय अजून. शिवायला एक दिवस, उसवायला तीन. सुईची भोकं राहिलीत. भोंगा म्हणतो धुतल्यावर बुजतील. याला काय कळतंय? पण बरं वाटलं ऐकून.

११ मे

आज हसावं की रडावं!

खाली जमिनीवर जागा नाही, म्हणून गोधडी भोंग्याच्या खाटेवर पसरून शिवत होतो. तो बाहेर गेलेला. आईच्या फेऱ्यांच्या आत अख्खा एक फेरा झाला. एकसारखे टाके, मीच खूश. उचलायला गेलो तर गोधडीबरोबर भोंग्याची चादरही उठली. खालच्या चादरीला शिवून टाकली होती! तेवढ्यात हा दारात.

"काय रे हे?"

"चुकून शिवली गेली."

"चुकून? मी आत असतो तर?"

मग खाटेवर बसून पोट धरधरून हसला. हसणं थांबल्यावर म्हणाला, "विकत आण की एखादी. तुझ्या आईला काय कळणार?"

दुपारी मीही दुकानाच्या काचेपाशी उभा राहून आलो होतो. बदकांची होती. आत गेलो नाही, पण किंमत वाचली. वाचली ना!

पुन्हा उसवलं. भोंग्यानंच टोक धरून दिलं.

१८ मे

घरी फोन. ताईनं उचलला. "आईचे हात कामात आहेत, बोल तू, मी धरते तिच्या कानाशी."

आई म्हणाली, "कशी दिसते रे गोधडी?" आणि मी सुरूच झालो! कडेला पिवळा दोरा घातलाय, मधे चौकट घेतलीय, भोंग्याच्या बायकोनं बघितली तर मागत होती. भोंग्याचं लग्नच झालेलं नाही.

"हो का. छान," म्हणाली. दमल्यासारखी वाटली.

काय माणूस आहे मी! फोन ठेवला आणि तडक बाजारात जाऊन पिवळा दोरा आणला. निदान तेवढं तरी खरं होऊ दे.

२६ मे

बोटाला सुई. रक्त बाबांच्या बाहीवर. थंड पाण्यानं घासलं. गेलं बरंचसं.

३१ मे

मधली चौकट राहिली.

२ जून

झाली.

शेवटची गाठ मारली तेव्हा उगाच इकडेतिकडे बघितलं, कुणी तरी बघतंय का. भोंगा घोरत होता. त्याच्या पोटावर टाकून बघितली. फुगा नाही, सुरकुती नाही. माझे टाके आईच्या टाक्यांशेजारी ठेवून पाहिले. तिचे बारीक आहेत. पण लाज वाटावी असेही नाहीत माझे.

भोंगा जागा झाला. पोटाकडे बघून म्हणाला, "मुलगा की मुलगी?"

३ जून

पार्सल केली. खिडकीतली बाई म्हणाली आठवडा लागेल. वेळेत पोचते. आईला कधीच कळायचं नाही. पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं, आणि तेही कुणाला सांगता येत नाही! असो.

७ जून

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. ताई म्हणाली, बाळ गोधडीत गाढ झोपलंय. मी म्हटलं, एवढ्यात पोचली?

"तुझी नाही रे. आईची. तू 'झाली' म्हणालास ना, त्याच संध्याकाळी तिनं नवी मांडली. मला म्हणाली, इतक्या चटकन 'झाली' म्हणाला, म्हणजे हातही लावला नसेल. त्याला बोलू नकोस, परक्या गावी एकटा आहे." मग हळूच म्हणाली, "परवा संपवली. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत तिची. साधा पेला धरवत नाही."

आईला फोन दे म्हणायचं धाडस झालं नाही.

अर्धा पगार हातात आला. तो अख्खा पाठवतोय, डॉक्टरला हात दाखवायला. चार हजार तीनशे.