टाळावयाच्या संकेतस्थळांची यादी

६ जानेवारी, संध्याकाळ
मुख्याध्यापिका बाईंनी ऑफिसात बोलावलं. पूर्वपरीक्षेत दहावीची अकरा मुलं गणितात नापास. इंटरनेटवर उजळणीसाठी चांगलं काय काय आहे त्याची यादी करून द्या, म्हणाल्या. मुदत ३१ जानेवारी. मी म्हटलं, एकतीस कशाला, रविवारीच देतो. एकोणतीस वर्षं गणित शिकवतोय. धान्य कुठलं आणि भुसा कुठला हे मला लांबून कळतं.

बाहेर आल्यावर विचार केला. हे काम मलाच का? विज्ञानाच्या मॅडम तर दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात. माझी जागा घेणारा माझ्याच हातून शोधून घ्यायचा, असा काहीतरी बेत दिसतो. करू दे. मी तपासणी कडक ठेवणार.

८ जानेवारी
नवी वही आणली. रकाने आखले: क्रमांक, नाव, गुण, दोष, शेरा. दोषांचा रकाना रुंद ठेवला. आखण्यातच संध्याकाळ गेली. पाया पक्का हवा.

९ जानेवारी, सं. ६
पहिली साइट उघडली. उघडताच ‘स्वागत’. ओळख ना पाळख. पुढे म्हणते, सगळं फुकट.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, तिला व्यवहार कळतो. तिला विचारलं, फुकट कोण कशाला शिकवेल. ती म्हणाली, काही लोकांना शिकवायला आवडतं. मी म्हटलं, मला तरी एकोणतीस वर्षांत असा माणूस भेटला नाही. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. पटलं असावं.

साइटने नाव मागितलं. खरं कोण देतो? ‘कु. शून्य, इयत्ता दहावी’ असं टाकलं.

११ जानेवारी, रविवार
यादी आज द्यायची होती. एकच साइट झाली. पण ती फार बारकाईने झाली.

१३ जानेवारी
मधल्या सुट्टीत तिसऱ्या बाकावरची मुलगी आली. शिंप्याची मुलगी. पूर्वपरीक्षेत ऐंशीपैकी एकोणीस. नर्सिंगला जायचंय, तिथे गणितात पास असावं लागतं. म्हणाली, आईचा फोन रोज सात ते आठ मिळतो, तर त्या तासात कुठली साइट बघू.

मी सांगितलं, माझी तपासणी पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. कधी होईल, विचारलं. लवकरच. लवकर म्हणजे किती तारखेला, असं तिने विचारलं. उद्धट नाही, पण प्रश्न विचारायची सवय वाईट.

१५ जानेवारी, सं. ५.३०
क्रमांक ४. इथे एक कासव आहे. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतं, चुकलं की म्हणतं ‘चल, परत बघू’. मी आतून तपासण्यासाठी कु. शून्य म्हणून चाचणी दिली. वीसपैकी बारा. शेवटी कासवाने सुचवलं की सातवीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात कर.

यंत्रात बिघाड आहे, हे उघड आहे. काही मी घाईत सोडवले, काहींत चुकीचं बटण दाबलं गेलं, आणि चौदाव्या प्रश्नाचं तर त्यांचं उत्तरच चूक. गाडी जाताना ताशी चाळीस, त्याच रस्त्याने येताना ताशी साठ, तर सरासरी वेग किती? पन्नास. हे म्हणतात अठ्ठेचाळीस. दीड पानाची तक्रार लिहून पाठवली. भाषा सौम्य ठेवली. ‘समाजद्रोह’ हा शब्द एकदाच वापरला.

१७ जानेवारी
ईमेल आला: ‘शून्य, दोन दिवस दिसला नाहीस. अपूर्णांक तुझी वाट बघतायत.’

म्हणजे यांना मी कधी दिसतो आणि कधी नाही हे कळतं. बायकोकडून चिकटपट्टी मागितली. कुठे लागलं, तिने विचारलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला लावली, फोनच्याही. आता बघा म्हणावं.

१९ जानेवारी
तक्रारीला उत्तर आलं. अतिशय नम्र. आभार मानलेत, सोबत छोटी आकृतीही काढून दिलीय. चूक मात्र कबूल नाही. इतक्या गोड बोलणाऱ्यांपासून जपून राहायला हवं. आकृती पाहिली नाही. उद्या भर वर्गात फळ्यावर यांचा बुरखा फाडतो.

२० जानेवारी
फळ्यावर गणित लिहिलं. शेजारी त्यांचं उत्तर, अठ्ठेचाळीस, त्यावर फुली. खाली माझं, पन्नास. विचारलं, कुणाला शंका? मग तिसरं बाक उठलं. अंतर किती धरू, विचारलं. काहीही धर, म्हटलं. तिने एकशेवीस धरलं. जाताना तीन तास, येताना दोन. एकूण पाच तासांत दोनशे चाळीस. म्हणाली, सर, माझंच काहीतरी चुकतंय का, अठ्ठेचाळीसच येतंय.

खडू मोडला. मग म्हणालो, शाब्बास, कुणाच्या लक्षात येतं का तेच बघत होतो. वर्गाने मान डोलावली. जरा जास्तच एकसारखी डोलावली.

घरी आल्यावर आकृती पाहिली. ठीक आहे.

२२ जानेवारी
आक्षेप एका गणिताबद्दल नव्हताच, वृत्तीबद्दल होता. आज वर्गाला सावध केलं. कुठल्या कुठल्या साइट्सवर जायचं नाही, त्या सगळ्या फळ्यावर लिहून दिल्या, टिंबांसकट, स्पेलिंगसकट, म्हणजे कुणी चुकून जायला नको. मुलांनी इतकं मन लावून माझं काही लिहून घेतलेलं आठवत नाही. मागच्या बाकांनी तर एक स्पेलिंग परत विचारलं. मुलं सुधारतायत.

२४ जानेवारी
आज चार तपासल्या. एकावर टोपी घातलेला मास्तर आहे. भूमिती शिकवताना विनोद करतो. पाऊण तास बघितलं, फक्त दोष टिपण्यासाठी. बायको मध्येच येऊन म्हणाली, हसताय का. खोकला आला होता.

२६ जानेवारी
निर्णय घेतला. विश्वास ठेवण्यासारखी साइट जगात नसेल तर ती मीच द्यायला हवी. स्वतःचा व्हिडिओ करणार. विषय वर्गसमीकरणं. बायको फोन धरणार.

पहिला प्रयत्न: चित्रच नाही, सगळं काळं. कॅमेऱ्यावरची पट्टी राहिली होती. दुसरा प्रयत्न: मी फळ्याच्या पुढे, समीकरण माझ्या पाठीमागे. तिसऱ्यात बायकोचा हात भरून आला, फोन खाली गेला, शेवटची सात मिनिटं माझे बूट दिसतात. पण आवाज माझाच आहे. तो ठेवला. एकूण बावन्न मिनिटं.

बायको म्हणाली, दुकानातली गोळी मोठी असली की लोक अर्धी करून घेतात. विषयाशी संबंध कळला नाही.

३० जानेवारी
याद्या पूर्ण. एक दिवस आधीच.

‘शिफारस केलेली संकेतस्थळे’: १. (माझा व्हिडिओ.)

‘टाळावयाची संकेतस्थळे’: २३. प्रत्येकापुढे कारण दिलंय, कुणी पक्षपात म्हणायला नको. नमुन्यादाखल:

क्र. ४: कितीही वेळा चुकलं तरी रागावत नाहीत. शिस्त बिघडेल.
क्र. ७: मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट. मुलांना परीक्षेत आश्चर्य उरणार नाही.
क्र. ११: उत्तर कुठल्या पायरीवर चुकलं तिथेच बोट ठेवतात. विद्यार्थ्याला शिक्षकाकडे जायचं कारण राहत नाही.
क्र. १५ (टोपीवाला): भूमिती मनोरंजक वाटू लागते.
क्र. १९: पाच-पाच मिनिटांचे धडे. वेळ उरतो, उरलेल्या वेळात मुलं काय करतील?

३१ जानेवारी
बाईंनी यादी उभ्यानेच वाचायला घेतली, मग बसून वाचली. शिफारस एकच का, विचारलं. म्हटलं, चाळणी बारीक होती. दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाल्या, दोन्ही पानं नोटीस बोर्डावर लावा, जशीच्या तशी, एक शब्द बदलू नका. एवढ्या लवकर मान्य? माझा संशय बळावला.

५ फेब्रुवारी
बोर्डासमोर गर्दी. वह्या काढून उतरवून घेतायत. लांबून पाहिलं, सगळी गर्दी उजव्या पानासमोर. धोका आधी समजून घ्यावा, हे बरोबरच आहे.

व्हिडिओ बघणारे: नऊ. त्यातल्या सात वेळा मी.

१२ फेब्रुवारी
विज्ञानाच्या मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या, सर, यादी फार उपयोगी. मी विचारलं, कोणती. त्या म्हणाल्या, अहो, तीच. चहा न संपवता उठल्या. काहीतरी शिजतंय.

व्हिडिओ: अकरा. मी आता बघणं बंद केलंय, म्हणजे खरा आकडा कळेल.

१९ फेब्रुवारी
व्हिडिओ: अकरा.

२३ फेब्रुवारी
वर्गचाचणी. तिसरं बाक, चाळीसपैकी एकतीस. एकोणीसवाली मुलगी महिन्याभरात एकतीस आणते? कॉपी. दुसरं काय असणार.

शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. माझ्या टेबलाशी बसवून नवीन प्रश्नपत्रिका दिली. मी समोर, तिच्या हातांवर नजर. तिने वर पाहिलंच नाही. एका गणितात अडली, तेव्हा स्वतःशीच पुटपुटली, चल, परत बघू. तेहतीस मिळाले.

आता विचारणं भाग होतं. कुणी शिकवलं? ती म्हणाली, तुमच्या यादीने, सर. मी म्हटलं, माझा व्हिडिओ? ती म्हणाली, दुसऱ्या पानावरचं, सर. अकरा नंबर आणि चार नंबर. इतर ठिकाणी नुसती नावं असतात, कुठे काय मिळतं ते कळत नाही. तुम्ही कारणं लिहिली होती, म्हणून वेळ वाया गेला नाही.

मी विचारलं, वर ‘टाळावयाची’ लिहिलंय, ते वाचलं नाहीस? ती म्हणाली, वाचलं. पण तुम्ही आधी थांब म्हणालात, मी अठरा दिवस थांबले. परीक्षा थांबणार नव्हती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रडायला नाही लागली. पेपरावर तेहतीसच्या खाली सही केली. बसल्या बसल्या चाळीसपैकी तेहतीसची टक्केवारी काढत राहिलो, गरज नसताना.

२४ फेब्रुवारी
सकाळी बोर्डाकडे गेलो. दुसऱ्या पानाचं शीर्षक खोडायला पेन काढलं. आजूबाजूला मुलं होती. तसंच खिशात ठेवलं. शीर्षकाने कुणाचं काही अडत नाहीये.

६ मार्च
गणिताचा पेपर झाला. मुलं हसत बाहेर आली. पेपर सोपा काढला असणार. हल्ली मंडळाचा दर्जा घसरलाय.

२८ मे
निकाल. गणितात नापास फक्त दोन. बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. म्हणाल्या, सरांच्या यादीइतकी प्रामाणिक यादी मी पाहिली नाही. विज्ञानाच्या मॅडमनी टाळ्या सुरू केल्या. यात टोमणा आहे का, हे दिवसभर तपासलं. बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, असेल थोडा, पण अभिनंदनही आहे, दोन्ही घ्या.

व्हिडिओ काढून टाकला. जागा फार अडवत होता.

४ जून
शिंप्याची मुलगी घरी आली. ऐंशीपैकी बावन्न. नर्सिंगचा प्रवेशअर्ज घेऊन आली होती. त्यावर गणिताच्या शिक्षकाची सही लागते आणि ‘विद्यार्थ्याविषयी मत’ या रकान्यात एक ओळ. बाईंकडून घे किंवा मॅडमकडून घे, म्हटलं. ती म्हणाली, गणित तुमचं होतं ना, सर.

अर्ज आधी पूर्ण वाचला. बारीक अक्षरातली मागची बाजूसुद्धा. तीनदा. काही सापडलं नाही. सरळ साधा अर्ज होता. बायकोने तिला पाणी आणून दिलं आणि जाता जाता मला म्हणाली, लिहा आता, तिला घरी जायचंय.

मी लिहिलं: ‘सांगितलेलं ऐकत नाही.’ वाचून बघितलं. खरं होतं, पण अर्जासाठी बरोबर नव्हतं. नीट रेघ मारून खाली लिहिलं: ‘प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून पाहते.’ सही केली.

तिने अर्ज हातात घेतला, पण घडी घातली नाही. वाचून बघू का, विचारलं. मी म्हटलं, बघ.

खोडलेलंसुद्धा वाचलं तिने. मग नमस्कार करून गेली.