शेजारची सीट

बाबा,

१. आमच्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या नमुन्याची ब्रेकची शेवटची चाचणी काल रत्नागिरीत झाली.
२. चिरेखाणीच्या खाजगी उतारावरून गाडी पुन्हा पुन्हा भरवेगात खाली सोडली.
३. ती प्रत्येक वेळी थांबली.
४. ब्रेक मी बनवलेत. शेजारच्या सीटवर मी होते.

मागच्या खेपेला याच उतारावर ब्रेक ऑइल उकळलं, पेडल तळाला टेकलं आणि गाडी मातीच्या ढिगात घुसली. मी सुचवलं, पुढच्या बाजूला दोन झरोके ठेवू, वारा थेट ब्रेकच्या डिस्कवर जाईल आणि त्या तापणार नाहीत. बॉडीचं डिझाइन करणारे गृहस्थ म्हणाले, "एवढ्या देखण्या चेहऱ्याला नाकपुड्या काढता?" कंपनीच्या साहेबांनी एक संधी दिली. नाही जमलं तर ब्रेक परदेशातून तयार येणार होते आणि मी दुसऱ्या विभागात जाणार होते.

तुमच्या गॅरेजचा नियम मी तिथे कुणाला सांगितला नव्हता. ज्याने ब्रेक खोलले त्याने पहिल्या ट्रायलला शेजारी बसायचं. मी शाळेत होते. एका गाडीचे ब्रेक पहिल्यांदाच मी एकटीने बांधले होते आणि मालकाला गणपतीपुळ्याला जायची घाई होती. तुम्ही चावी लावता, मी दाराशी उभी आहे. "बघतेस काय गो? बस." मालक म्हणतात, "अहो, पोरीला कशाला?" तुम्ही म्हणता, "ब्रेक तिने बांधलेत. ती बसणार नसेल तर मीही उतरतो." भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत तुम्ही तीनदा करकचून ब्रेक मारलात आणि एकदाही शाबास म्हणाला नाहीत. परत आल्यावर चावी मात्र माझ्या हातात दिलीत, मालकाला द्यायला.

काल मी दार उघडून बसले, तेव्हा आमचा कोल्हापूरचा चालक म्हणाला, "ओ मॅडम, त्या सीटवर वाळूची पोती बसतात. ती ओरडत नाहीत."

"मीही ओरडत नाही."

"मग पट्टा आवळा."

शेवटच्या उताराला डिस्क लाल झाल्या होत्या. तळाशी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल त्याला पहिल्या फेरीइतकंच कडक लागलं. त्याने इंजिन बंद केलं. "पोत्यांपेक्षा बऱ्या आहात," म्हणाला. खाणीच्या काठावर सगळे टाळ्या वाजवत होते. मी उतरून आधी डिस्कचं तापमान घेतलं, मग हसले. संध्याकाळी डिझाइनवाल्यांचं नवं चित्र आलं. झरोके आहेत, आणि आधीपेक्षा मोठे. सबंध गाडीच्या ब्रेकचं काम आता माझ्याकडे आहे.

तुम्ही गेलात तिथे टपाल पोचत नाही आणि हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून सांगते. पहिल्या उताराला मी डोळे मिटले होते. चालकाला ते कळलेलं नाही.

आता शर्यतीसाठीची गाडी करायची आहे. शुक्रवारी तिच्या ब्रेकच्या आराखड्यावर मला सही करायची आहे. त्या गाडीला एकच सीट आहे, चालकाची. मी कुठे बसायचं? गुरुवारपर्यंत कळवा.