तू मागितलेला दाखला

माय,

तू जन्मात एकदाच माझ्याकडे काही मागितलंस आणि ते मी तुला दिलं नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून माझं सगळं अंथरुणावरच आहे. सून पुसते, धुते, चादर बदलते. बिचारीचा हात हलका आहे, तोंडही कधी वाकडं करत नाही. पण ती बादली घेऊन खोलीत आली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि मग तुझी ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. काय लिहिताय एवढं, असं सून विचारेल, तर नातीला पत्र लिहितेय म्हणेन.

तू केदारखेड्याची, शेतकऱ्याघरची. माझा बाप पटकीनं गेला तेव्हा मी अंगावर पीत होते. पुढे मला ताप आला आणि उतरेना, तेव्हा तू मला कडेवर घेऊन जालन्याला मिशनच्या दवाखान्यात आलीस आणि सासरी परत गेलीच नाहीस. तुला काम मिळालं ते दवाखान्याच्या चादरी धुण्याचं. आवाराच्या मागच्या बाजूला भट्टी, तिच्यावर लोखंडी कढई, पाण्याचा हौद आणि एक मोठा काळा दगड. त्या दगडावर तू वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं रक्त, पू, ओकाऱ्या धुतल्यास. तिथेच बाप्तिस्मा घेतलास, माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकलीस, आणि वाचता यायला लागल्यावर तुला जो नाद लागला तो काही सुटला नाही. प्रभूनं पेरणाऱ्याचे, खमिराचे, हरवलेल्या मेंढराचे दाखले सांगितले. तुला वाटलं, रोजच्या गोष्टींतून शिकवण काढून राहिलेले आपण सांगायचे. तुझ्यासमोर साधं शिंकायची सोय नव्हती, त्यातही तुला काहीतरी घेण्यासारखं सापडायचं.

मी दहाएक वर्षांची आहे, तुझ्या शेजारी उभी आहे. रक्तानं भरलेल्या चादरीवर मी कढईतलं पाणी ओतायला जाते आणि तू माझा हात धरतेस. “बाई, ऊन पानी नको. ऊन पान्यानं रगताचा डाग पक्का होतो. आधी गार पान्यात भिजू घाल, मंग बघ कसा सुटतो.” इथवर ठीक. पण तू तिथे थांबत नाहीस. रोग्यांबरोबर आलेल्या बाया हौदाच्या काठावर बसलेल्या असतात, त्यांच्याकडे वळून म्हणतेस, “मानसाचं बी तसंच हाय. रागानं धुवाया गेलं की डाग बसतो. प्रभूनं कुनाला रागानं धुतलं न्हाई.” बाया माना डोलावतात. कुंभार पिंपळगावची एक म्हातारी तर नातू बरा झाल्यावरही दोन दिवस मुक्काम वाढवून तुझं ऐकत बसली होती. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा.

लढाईच्या दिवसांत जुनी, किडकी ज्वारी मिळायची. त्या पिठाला विरी नसायची, ते चिकटून यायचं नाही, भाकरी परातीतच फुटायची. मी चिडून पीठ बाजूला सारायचे. तू पाण्याला आधण आणून ते उकळतं पाणी पिठावर ओतायचीस, उलथन्यानं हलवायचीस, आणि हात भाजत असताना मळत म्हणायचीस, “विरी गेली म्हनून पीठ कुनी टाकून देत न्हाई. आधन घालावं लागतं. देवानं माझ्यावर बी घातलं.” मी भुकेली असायचे. मला भाकरी हवी असायची आणि तू चुलीपाशी देव शोधत बसलेली. सासरच्या दिवसांबद्दल तू याहून जास्त कधी बोलली नाहीस, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग ती सीताफळं. मिशनच्या बंगल्यावरून गोऱ्या मडमबाईंनी दोन दिली होती, एक मला आणि एक शेजारच्या खोलीतल्या पांगळ्या मुलीला द्यायचं म्हणून. मी दोन्ही खाल्ली आणि बिया हौदामागच्या मातीत पुरल्या. तुला त्या सापडल्या. तू मला मारलं नाहीस, रागावलीही नाहीस. रविवारी बायकांच्या प्रार्थनासभेत उभी राहिलीस आणि श्रीमंत माणूस व त्याच्या दारातला भिकारी या गोष्टीला माझ्या सीताफळांची जोड दिलीस. चांगलं रंगवून सांगितलंस. ती पांगळी पोर पहिल्या रांगेत बसली होती. पुढे कितीतरी दिवस आवारात मला सीताफळवाली म्हणत. घरी आल्यावर मी रडत रडत म्हणाले, “माय, मला मार. पन माझा दाखला करू नको.” तू चूल फुंकत म्हणालीस, “मार इसरून जाशील. दाखला ऱ्हातो.” ते खरंच होतं, तो अजून राहिला आहे. त्या दिवसापासून मी माझं काहीही तुला सांगेनाशी झाले.

रझाकारांचं वर्ष होतं. संध्याकाळी कुणी आवाराबाहेर पडत नसे. मी शिक्षिकेचं शिक्षण घेऊन मिशनच्याच शाळेत लागले होते. तुला हगवण लागली ती थांबेना. औषध चालू होतं, पण अंगात काही उरलं नव्हतं. तू वॉर्डात राहायला तयार झाली नाहीस. आपल्या खोलीत, दारापाशी बाज टाकून पडून राहिलीस. चादर सारखी खराब व्हायची. तुझ्या जागी लागलेली बाई येऊन म्हणाली, “मावशी, हिकडं द्या, भट्टीत टाकते जल्दी.” तू बिलकुल नाही म्हणालीस. मग मीच दारातल्या दगडावर धुवायचे आणि तू बाजेवरून बघत राहायचीस. सगळ्यांचं धुणाऱ्या तुला स्वतःचं कुणी धुतलेलं बघवत नव्हतं. चादर कमी खराब व्हावी म्हणून तू पाणी पिणं कमी केलंस. ते मला दिसत होतं.

त्या दुपारी मी चादर पिळत होते. तू म्हणालीस, “पोरी, ह्यातून काय घ्यावं गं? लई येळ झाला इचार करून राह्यले. मला कायी सुचून न्हाई राह्यलं. तू शिकलेली हायेस, तूच सांग.”

मी मान वर केली नाही. म्हणाले, “ह्यात काय घ्यायचं, माय? चादर हाय. घान झाल्ती, धुतली.”

“बस?”

“बस.”

“बराबर हाय,” म्हणालीस आणि भिंतीकडे वळलीस. त्यानंतर तू आठवडाभर होतीस. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले तेव्हा हात जोडलेस, माझ्या डोक्यावरून हातही फिरवलास. पण एकही दाखला तुझ्या तोंडून पुन्हा आला नाही. मातीला आलेल्या बाया तुझेच दाखले एकमेकींना सांगून रडत होत्या.

इतकी वर्षं मी समजत होते की दाखले आमच्यासाठी होते, आम्हाला शहाणं करायला. आता सून बादली खाली ठेवते तेव्हा कळतं, ते तुझे तुलाच लागत होते. परक्यांची घाण उपसताना, भरल्या घरातून निघून एका खोलीत पोर वाढवताना तुला धरायला काहीतरी हवं होतं, आणि जे समोर येईल त्यात ते शोधून तू तग धरत होतीस. त्या दुपारी तुला ते सापडेना. मला वाटलं, ही आता पुन्हा प्रवचन सुरू करणार. तू तर मला, ही लाज कशी सोसायची, एवढंच विचारत होतीस.

आणि मला काही सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पाळकसाहेबांनाही एकदा तसंच सांगितलं. ते खोटं आहे. त्याच आठवड्यात मी शाळेत मुलींना शिकवलं होतं, प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसतो आणि एक शिष्य लाजून पाय आखडून घेतो. तू विचारलंस आणि ते माझ्या जिभेवर आलं. “माय, धुऊ दे, त्या शिष्यावानी पाय आखडू नको,” एवढं म्हटलं असतं तर तू हसली असतीस, पोटभर पाणी प्याली असतीस. मी मुद्दाम बोलले नाही. दाखल्यावाचून तुला कसं वाटतं ते मला बघायचं होतं, आणि मी आठवडाभर ते बघितलं.

हे तुला पोचणार असतं, तर मी लिहिलं नसतं.